वाफसा बघून

दिवा स्टेशनजवळच्या चाळीत एक खोली, खोलीत तिघं: अक्षदा, तिचा नवरा प्रीतम आणि सासू रखमाबाई. मधे साधा पडदा नाही. म्हणून रखमाबाईनं एक रीत पाडली होती. सुनेनं पाळीनंतर डोक्यावरून पाणी घेतलं, की म्हातारी पिशवी भरून दोन रात्री लेकीकडं विठ्ठलवाडीला जायची. परतली की तिचं अंथरूण पुन्हा दोघांच्या मधोमध. तीन वर्षं पाळणा काही हलेना. शेवटी तिनं फर्मान काढलं, "दिवाळीपत्तूर वाट बघीन. न्हाईतर ही माहेरी, अन् प्रीतमला दुसरी."

अक्षदाची पाळी मुळातच महिना ओलांडून रेंगाळत यायची. पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, "पाळी लांबते, तर बीजही उशिरा सुटतं, पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. त्याच्या अलीकडचे दिवस खरे. तेव्हा अंगावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं जातं."

ते तर अक्षदाला दर महिन्याला दिसायचं. आणि नेमकं तेव्हाच सासू मधे पडून घोरायची!

पुढच्या महिन्यात नहाण झालं. रखमाबाईनं पिशवी उचलली. अक्षदानं ती काढून घेतली आणि खुंटीला टांगली.

"आत्या, आज नाही जायचं."

"कुणाला शिकवतीस गं? चार बाळंतपणं झाली माझी!"

"मग सांगा, गावाकडं पेरणी पंचांग बघून करायचात?"

"पंचांग कशाला? वाफसा बघून. माती मुठीत धरली, की पेरण्याजोगी ओल झाली का ते कळतंय."

"मग ही माती माझी. वाफसा आला की मीच सांगीन."

प्रीतम हळूच दाराकडं सरकला.

"पळतोस कुठं?" अक्षदानं त्याला अडवलं. "एवढ्यानं नाही जमलं, तर आधी तुझी तपासणी. बियाणंही बघून घेतात."

दोन आठवडे सासू-सुनेत अबोला. मग एका सकाळी चाळीतल्या बायका नळावर हंडे लावून बसल्या असताना, अक्षदानं भरलेली पिशवी आणून रखमाबाईच्या हातात दिली.

"निघा आत्या. आज वाफसा हाय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"चारचौघांत बोलायला लाज न्हाई वाटत?"

"चाळभर मला वांझ म्हणत फिरलात, तेव्हा कुठं होती लाज?"

रखमाबाई तणतणत निघाली. कोपऱ्यावर थांबली, मागं वळली.

"किती रात्री ऱ्हाऊ?"

"मी फोन करीन. तोवर यायचं नाही."