पैलवान गव्हाणे आमच्या भावकीतले

हसणार नसाल तर सांगतो. माझ्या एका वाक्यानं पुतण्याचं जुळत आलेलं लग्न मोडायला निघालं होतं!

आमचं आडनाव गव्हाणे. पेपरात कुणी गव्हाणे न्यायाधीश दिसोत, नाहीतर टीव्हीवर गव्हाणे नावाची गायिका, मी लगेच म्हणणार, "आमच्या भावकीतले!" कोण तपासायला येतंय?

तर आम्ही वालूरला मुलगी बघायला गेलो. मी, दादा, वहिनी आणि पुतण्या. पोहे झाले, मुलगी पसंत पडली. समोर भिंतीवर फोटो होता. खांद्यावर गदा घेतलेले नामांकित पैलवान गव्हाणे! आता मी गप्प बसेन?

"अरे, हा तर आमचा सख्खा चुलतभाऊ! एका ताटात जेवलोत. पहिला डाव मीच शिकवला त्याला!"

माझी काडीसारखी अंगकाठी तुम्ही बघताच आहात.

मुलीची आई आतून आली, चेहरा पांढराफटक.

"तो माझा भाऊ हाय. मंग तुमी बी माझे भाऊच की! म्हंजी हा नवरदेव माझा भाचा?"

मुलीचे वडील ताडकन उठले. "आतेबहिणीसंग लग्न? आमच्यात चालत न्हाई!"

त्या बाईंचं माहेरचं आडनाव गव्हाणे, पण कूळ वेगळं, हे वहिनींनी आधीच तपासलं होतं म्हणे. अहो, मग मला कुणी सांगायचं?

"मी... मी त्यांना फक्त फोटोतच बघितलंय!" माझं ततपप सुरू.

"आता अंगाशी आलं म्हणून पलटी मारायलात व्हय?" वडील गरजले.

शेवटी दादानं हात जोडले. "ताई, देवाशपथ सांगतो, हा लहानपणापासून थापाड्या हाय!"

वहिनी म्हणाल्या, "मागं एका मंत्र्याला मावसभाऊ केलं यांनी!"

तोवर लाजून बसलेला पुतण्याही तोंड उघडून म्हणाला, "काका लय खोटं बोलतेत!"

इतक्या हौसेनं घरच्यांनी कुणाची इज्जत काढलेली बघितलीय कधी?

बाईंना तरी भरवसा येईना. "खरंच खोटं बोललात? घ्या आईची शपथ!"

"आईची शपथ, साफ खोटं बोललो!" मी छाती ठोकून सांगितलं.

"बरं झालं बाई!" म्हणत त्यांनी पेढ्यांचा बॉक्स आणला. पहिला पेढा नवरदेवाला नाही, माझ्या तोंडात कोंबला. अख्खा! आणि तो गिळायच्या आत दादानं दुसरा कोंबला. तारीख ठरेपर्यंत मी बोलू नये म्हणून!