इंजिनाखालचा टेकू

मंडळी, आपल्या फिरत्या वहीत आजचं आजच लिहितोय.

मुळशीच्या धरणावरून होडी ट्रेलरवर घालून जीपने पुण्याला निघालो. होडीमागचं नवं इंजिन वर उचलून मी दोरखंडाने करकचून आवळलं होतं. तरी पहिल्याच खड्ड्यात ते असं हिसडलं, की होडीची मागची फळी करकरली. आणखी दोन वेढे घातले. तेच!

रस्त्याकडेला एक म्हातारे गाडीवान बैल सोडून बसले होते. ते उठून आले, इंजिन हलवून पाहिलं.

"सायेब, वरनं लई बांधलंय. पर खालनं कोन धरनार?"

रोज कारखान्यात यंत्रं बसवतो मी, पण इंजिनाखाली वाकून पाहिलं ते तेव्हा.

त्यांनी कुठूनसं एक दुबेळक्याचं, टोकाला दोन फाटे असलेलं लाकूड आणलं. एक टोक ट्रेलरवर टेकवलं, दुबेळक्यात गोणपाट घालून इंजिनाचा पाण्यात बुडणारा पाय बसवला आणि एकच दोरी मारली.

पौडपर्यंत इंजिन तसूभर हललं नाही. तिथे चहा पिताना ते लाकूड नीट पाहिलं. बैल सोडल्यावर गाडीच्या जोखडाखाली लावतात, तोच टेकू होता तो.

आता सांगा, त्यांची गाडी आज कशावर उभी असेल?