मागची खटखट

गिटार आमच्या घरी आली ती खोळ शिवून घ्यायला. सिंदी मेघेत आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका भिंतीला ह्यांची शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला माझी पिको-फॉलची. गादी, रजई, कूलर, हार्मोनियम, कशाचीही खोळ आम्ही शिवतो. होस्टेलमधली एक मुलगी गिटारचं माप देऊन गेली, खोळ घेऊन गेली, आणि परीक्षा संपल्यावर खोळीत घातलेली गिटार घेऊन परत आली. आपण गिटार घेतल्याचं तिच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हतं आणि गावी नेऊन ते कळू द्यायची तिची हिंमत नव्हती. "काकू, तुमच्याकडेच राहू द्या. वाटलं तर वाजवा," म्हणाली. मी म्हटलं, राहू दे बाई.

काही दिवस ती कपाटावर पडून होती. एकदा पुसायला खाली काढली आणि तारांवरून फडकं फिरलं. तो आवाज ऐकून मी पुन्हा फडकं फिरवलं. मग आणखी फिरवलं, तेव्हा पुसायला धूळ उरलेली नव्हती. पन्नाशीला टेकलेल्या बाईचं शिकणं असं फडक्यानं सुरू झालं.

नणंद म्हणाली, "आता हेच बाकी होतं वहिनी." माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी तिला जे सुनावायचं ते सुनावलं आणि चहाही पाजला. लोकांचं मला फारसं काही वाटत नाही. वाटायचं ते ह्यांचं.

हे मुळातच कमी बोलणारे. गिऱ्हाईक विचारतं, "कधी मिळेल?" तर हे बोटानं भिंतीवरच्या कॅलेंडरमधला वार दाखवतात. गिटारबद्दल तर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. आवडते म्हणाले नाहीत, बंद कर म्हणाले नाहीत. संध्याकाळी मी मधल्या खोलीत गिटार घेऊन बसले की हे पुढच्या खोलीत मशीनवर बसत, माझ्याकडे पाठ करून. मशीनला मोटर आहे, दिवसभर तिच्यावरच काम चालतं. पण संध्याकाळी हे मोटरचा पट्टा काढून पायानं मशीन चालवायचे. लाइट बिल वाचवतात, असं मी धरून चालले होते.

त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी रोज वेगळा लावायची. बोटं नीट पडली की वाटायचं, ऐकतात आणि खूश आहेत. बोटं अडखळली की वाटायचं, ह्यांना हा सगळा पोरखेळ वाटतो, फक्त सांगवत नाही. तसं असेल तर मला वाजवायचं नव्हतं. नवऱ्याच्या धाकानं नव्हे, तसला धाक आमच्या घरात कधीच नव्हता. पण ज्या माणसाशेजारी बसून सगळं आयुष्य सुया ओवल्या, त्याला जे हास्यास्पद वाटतं ते करायला माझा हात उचलला नसता. ह्यांना हे मनापासून चालतं की नाही, एवढं एकच मला कळायला हवं होतं आणि तेच कळत नव्हतं.

शिकत होते मोबाइलवर. फुकटचे धडे असतात, कोणीतरी परदेशातला माणूस बोटं दाखवतो आणि आपण ती बघून ठेवायची. त्या धड्यांखाली लोक काही ना काही लिहितात. तिथं कोणीतरी मराठीत लिहिलं होतं, "एफ कोणाला जमला का?" एफ म्हणजे एक कॉर्ड, सुरांचा जुडगा. त्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं आणि नव्या माणसाचं मनगट तिथं रडतं. मी खाली लिहिलं, "नाही." आणखी एकानं लिहिलं, "मले बी नाई." असे आम्ही तिघं एकमेकांना सापडलो, आणि बघते तर तिघंही एकाच जिल्ह्यातले. एक आर्वीच्या निवृत्त शिक्षिका, दुसरे कारंज्याला हायवेवर पंक्चरचं दुकान असलेले भाऊ, आणि मी.

तिघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. नियम आर्वीच्या बाईंनी घातले. मास्तरीण ती मास्तरीणच! दर रविवारी सकाळी प्रत्येकानं आपलं वाजवणं पाठवायचं, जसं असेल तसं, कच्चं. एका दमात रेकॉर्ड करायचं, चुकलं तरी काढून टाकायचं नाही. ऐकणाऱ्यानं "छान", "व्वा" म्हणायचं नाही, अंगठा दाखवायचा नाही. एक चूक सांगायची, नेमकी. "कौतुक घरी करून घ्या," बाई म्हणाल्या. ते वाक्य मला बोचलं, पण त्यांना काय ठाऊक.

मला हा प्रकार फार आवडला. रविवारी स्वयंपाक आटोपून मी कानात मोबाइलची बोंडं घालून बसायची. भाऊंच्या वाजवण्यात ट्रकचे हॉर्न आणि हवा भरायच्या मशीनची फुसफुस. बाईंच्या वाजवण्यात त्यांच्या अंगणातला पोपट, तो त्यांच्याआधी पुढचा सूर शिट्टीवर काढायचा, आणि बाई त्याला दटावून पुन्हा सुरू करायच्या. नियमाप्रमाणे काही काढून टाकायचं नसे, त्यामुळे दटावणीही आमच्यापर्यंत पोचायची. मी आदल्या संध्याकाळी वाजवलेलं पाठवायची, म्हणून माझ्या वाजवण्यात मागे ह्यांची मशीन. खट-खट-खट, खट-खट-खट. मी एक साधी चाल बसवत होते, तीन-तीन मोजायची. दोन ओळी बऱ्या जायच्या, तिसऱ्या ओळीत एफ यायचा आणि मी तिथं ठेचकाळायची.

एका रविवारी बाईंनी माझी चूक सांगितली. "ती मागची खटखट बंद करा. त्यात तुमच्या तारा ऐकूच येत नाहीत. शांत जागी बसा."

मला पटलं. खरं सांगायचं तर राग आला आणि मग पटलं. ह्यांना मशीन बंद करा म्हणायचं माझ्यानं होईना, ते पोटापाण्याचं काम. मग मी मागच्या खोलीत गेले, जिथं आम्ही कापूस आणि गाद्यांची कापडं ठेवतो. दार लावलं की बाहेरचं फारसं काही ऐकू येत नाही. गठ्ठ्यांच्या मधे बसून वाजवलं, पाठवलं. आवाज कसा, ओतल्यासारखा स्वच्छ. मला वाटलं, आता बघा म्हणावं.

भाऊंचा निरोप आला. "ताई, आवाज चांगला हाय. पण ठेका कुठी गेला?"

मी पुन्हा ऐकलं. खरंच नव्हता. पहिली ओळ पळत होती, दुसरी लंगडत होती. एफच्या जागी मी थांबले ती इतकी, की ऐकणाऱ्याला वाटावं मोबाइल बंद पडला. पुढच्या रविवारी तेच. बाई म्हणाल्या, टिकटिक करणारं अॅप घ्या. घेतलं. ते मेलं कोणासाठी थांबत नाही. मी चुकले की ते पुढे निघून जायचं, मग मी त्याच्या मागे धावायची, आणि शेवटी दोघांची भांडणं. एकदा चिडून मोबाइल कापसावर फेकला. कापूस होता म्हणून वाचला.

मन उतरलं. दोन-तीन रविवार मी काही पाठवलं नाही. बाहेर मशीनवर आता संध्याकाळीही मोटर लागलेली असायची, घर्र घर्र, दारातूनही जाणवायची. मला वाटलं, झालं, ह्यांना बरंच वाटलं असणार, पीडा मागच्या खोलीत गेली. गिटार खोळीत घालून मी पुन्हा कपाटावर ठेवली. ह्यांनी बघितलं आणि पुन्हा शिवण धरली. त्या रात्रीच्या जेवणात मी भाजीत मीठ घालायला विसरले आणि ह्यांनी ती तशीच खाल्ली.

मग एका दुपारी भाऊंचा फोन आला. फोन ते कधी करत नसत. "ताई, धंदा मंदा होता तं तुमचं जुनं समदं पुन्हा ऐकलं. तुमचा ठेका काऊन गेला ते सापडलं. तुमी मशीनच्या ठेक्यावर वाजवत होत्या."

"म्हणजे मला स्वतःचा ठेकाच नाही, असंच ना?" मी तडकले.

"नाई ना ताई, पुरतं तं ऐका. मले बी पयले तसंच वाटलं. पण उलटंच हाय. तिसऱ्या ओळीत तुमी अडकल्या का मशीन अडकते. तुमी पुन्हा धरलं का मशीन धरते. एखाद्या येळी झालं असतं तं म्हटलं असतं, दोरा तुटला असन. पण दर रविवारी, त्याच जागी? मशीन तुमच्यासाठी थांबून राह्यली ताई."

फोन ठेवून मी जुनी रेकॉर्डिंग लावली. इतके दिवस ऐकताना मी फक्त तारा ऐकायची. आता तारा सोडून मागचं ऐकलं. खट-खट-खट, खट-खट-खट, आणि एफच्या तोंडाशी मी थबकले की खटखट बंद. माझं बोट आडवं पडतंय, तार भणभणतेय, मी पुन्हा दाबतेय, आणि तेवढा वेळ मागे शांत. मग सूर लागला की पहिल्या 'खट'पासून मशीन माझ्याबरोबर. सगळ्या रविवारी असंच होतं. मी कापसाच्या गठ्ठ्यावर बसून रडले. आनंदानं रडले आणि थोडी स्वतःच्या अकलेवर.

संध्याकाळी पुढच्या खोलीत गेले. हे मोटरवर खोळीची लांब शिवण घालत होते. मी विचारलं, "मी वाजवायची तेव्हा तुम्ही पायानं मशीन काऊन चालवत होते?"

हे थांबले. मोटर बंद केली. "मोटर लावली का तुह्यं ऐकू येत नाई."

"आणि मी अडले की थांबत होते?"

"मंग? तुले मागं सोडून पुढं जाऊ का?"

माझा आवाज चढला. चढतोच. "मग एवढे दिवस तोंडानं एक शब्द सांगता नाही आला? मी इथं जीव खालीवर करून राह्यले, का ह्यांना आवडते का नाई!"

ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जरा दुखावल्यासारखं पाहिलं, आणि ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. "तू मले इचारलं कुठी? कारंज्याले इचारलं, आर्वीले इचारलं. मी अटीच, ह्या मशीनवरच तं बसून होतो."

मी आत जाऊन कपाटावरून गिटार काढली, खोळीची चेन उघडली आणि पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, ह्यांच्यासमोर बसले. तारा उतरल्या होत्या, त्या सुरात लावल्या. ह्यांनी मोटरचा पट्टा काढायला हात घातला. मी म्हटलं, "राहू द्या. नुसतं ऐका. आणि छान म्हणायचं नाही, एक चूक सांगायची."

वाजवलं. समोर बसून वाजवणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. मोबाइलला डोळे नसतात. दोन ओळी गेल्या, तिसरीत ठेचकाळले, सावरले, शेवटापर्यंत गेले.

ह्यांनी हातातल्या कापडाची घडी घातली. मग म्हणाले, "ते अवघड येते ना, त्याच्या लय आधीपासून तू हळू होते. अजून ते आलं बी नसते. घाबराचं असन तं तिथं गेल्यावर घाबरजो."