भिंतीपलीकडचं मुंगूस

माझ्या नातवंडांनो,

तुमच्यातल्या थोरलीने परवा फोनवर सांगितलं, की प्राण्यांना एका हिरव्या तुकड्यातून दुसऱ्यात सुखरूप जाता यावं म्हणून शहर कसं आखावं, हे तिला कॉलेजात शिकवतात. "आजी, तुमच्या वेळी असं काही नसेल ना?" असंही तिने विचारलं. होतं, बाळ. आमच्या चिंचवडच्या कंपनी कॉलनीत होतं. ते कसं घडलं हे तुझे प्राध्यापक सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. कॉलनीच्या एका अंगाला माळ, दुसऱ्या अंगाला पवना. माळावरून नदीकडे जाणारा ओढा आमच्या परसांना लागून वाहायचा. त्याच्या काठाने करंज, बाभळी आणि घाणेरीची दाट जाळी होती. त्या आडोशाने मुंगसं येत, परसातले उंदीर आणि साप टिपत आणि परत जात.

मग बाग समिती स्थापन झाली. अध्यक्ष मशीन शॉपचे मोठे साहेब, जर्मनीत शिकून आलेले. त्यांनी नकाशावर तीन बागा काढल्या आणि हिरव्या पेन्सिलीने एकमेकींना जोडल्या. जमिनीवर मात्र प्रत्येक बागेला काटेरी तारेचं कुंपण आलं. मधल्या बागेत सिमेंटचं हरीण बसवलं. त्याला कुठे जायचंच नव्हतं, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. ओढ्याकाठची जाळी 'रानटी' म्हणून तोडली, थोडे करंज तेवढे ठेवून त्यांच्या बुंध्यांना गेरू फासला आणि परसांच्या मागे भिंत घातली. भिंतीला पाणी जायला दोन बोटं मावतील एवढी भोकं होती. त्यातून उंदीर आले आणि उंदरांमागून साप. मुंगूस तेवढं येऊ शकेना.

तुमची आई तेव्हा रांगत होती. एका दुपारी परसातल्या मोरीपाशी, ती बसायची त्याच जागी, नाग फणा काढून बसलेला मी पाहिला. त्या दिवसापासून मागचं दार बंद. ती आतून दारावर थापा मारून रडायची.

मी साहेबांकडे गेले. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, तेव्हा भक्षक, भक्ष्य, समतोल, सगळं मुद्देसूद मांडलं.

"वहिनी," ते म्हणाले, "ही कॉलनी आहे, अभयारण्य नव्हे."

त्यांच्या बायकोने मला फाटकापर्यंत सोडलं. तिथे हळूच म्हणाल्या, "अहो, ह्यांना शास्त्र कसलं सांगता? ह्यांना शकुन सांगा."

तेव्हा त्यांच्याकडूनच मला कळलं. साहेब रोज सकाळी ओढ्याच्या वळणावर स्कूटर थांबवून पुटपुटत, "मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव." मुंगूस दिसलं की दिवस चांगला जाणार. लहानपणापासूनची सवय, जर्मनीत राहूनही ती सुटली नव्हती. आता भिंतीमुळे मुंगूस दिसत नव्हतं, आणि नेमकी त्याच सुमारास युनियनची बोलणी फिसकटत होती.

बाईंनी रोज चहाबरोबर आठवण द्यायला सुरुवात केली. "आज दिसलं का हो?" मी घराघरातून बायकांना सांगितलं, बायकांनी नवऱ्यांना, आणि बातमी शॉपमध्ये पोचली. एका सकाळी गेटवर एक कामगार मोठ्याने म्हणाला, "राव, साहेबांनी लक्षुमीच भिंतीपल्याड कोंडली. आता बोलणी कशी जुळायची?"

त्याच आठवड्यात गवंडी आला. समितीचा ठराव होता 'पर्जन्यजलाचा निचरा सुधारणे'. मोठं, चौकोनी भोक पाडलं ते मात्र जमीन सगळ्यात उंच, कोरडी असलेल्या टोकाला, भिंतीच्या पायथ्याशी, जिथे पाऊस पडूनही पाणी जात नव्हतं. बरोबर साहेबांच्या वळणासमोर. त्यांनी भोकाच्या दोन्ही बाजूंना पुन्हा घाणेरी वाढू दिली. का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचे, "माती धरून ठेवते."

थोड्याच दिवसांत मोरीपाशी मुंगूस दिसलं. उंदीर कमी झाले, नाग दिसेनासा झाला. मी मागचं दार उघडलं. तुमची आई उंबरा ओलांडून सरळ मोरीकडे रांगत गेली आणि तिथल्या ओल्या मातीत बसून खेळू लागली.

बोलणी जुळायला मात्र आणखी बराच काळ गेला. साहेबांनी त्याचं खापर मुंगसावर फोडलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगते.

आज ओढ्यावर स्लॅब आहे आणि माळावर इमारती. भिंतीतलं भोक अजून आहे, थोडे करंज आहेत, आणि मुंगसं येतात.