खोकल्याची पारख

माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या खोकल्यावर जास्त विश्वास ठेवणारा गृहस्थ साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. उभी हयात त्यांनी कबनूरला यंत्रमागाच्या खडखडाटात काढली. मामी गेल्यावर, नव्वदच्या दशकात, ते आपण होऊन कळंब्याच्या एका वृद्धाश्रमात राहायला आले. पहिल्याच थंडीत शेजारच्या खाटेवरचे गुरुजी सर्दीचा न्यूमोनिया होऊन गेले. "या वयात पाहुण्याची सर्दीसुद्धा पुरते," असं डॉक्टर बोलून गेले आणि मामांनी ते मनावरच घेतलं.

तेव्हापासून दारात बादली, साबण आणि मामा. मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "जावईबापू, आदी हात धुवा. पेढं काय पळून जात न्हाईत." हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवत आणि त्यावरून सगळ्यांशी भांडत. आडवं पडून चहा पिणाऱ्याला उठवून बसवत. घोट छातीत उतरतो म्हणे. ज्यांचे हात थरथरत, त्यांच्या कवळ्या स्वतः घासून देत. मला कुतूहल वाटे ते त्यांच्या कानाचं. पलीकडच्या खोलीतला खोकला ऐकून ते डॉक्टरांना बोलवायला लावत, आणि बहुतेकदा खरे ठरत.

"मामा, हे कळतं कसं?"

"मागाचा आवाज बदलला की धागा तुटायच्या आदी कळायचं. छाती काय येगळी हाय व्हय?"

एका डिसेंबरात त्यांची लेक कुरुंदवाडहून आली, तब्बल पाच महिन्यांनी. पायरीवरच तिला शिंक आली. मामा दारात आडवे उभे राहिले.

"बाबा, मी काय परकी हाय?"

"लेक हायस म्हणून तर सांगतोय. आत बारा म्हातारी मानसं हायत. तुझी सर्दी त्यास्नी न्हाय सोसायची."

ती रडत अंगणातल्या बाकावर बसली. मामा व्हरांड्यातूनच मोठमोठ्यानं नातवंडांची चौकशी करत राहिले. ती गेल्यावर जेवले नाहीत.

त्या थंडीत आश्रमातल्या कुणालाच दवाखान्यात न्यावं लागलं नाही. ते मामांमुळं की नशिबानं, कोण सांगणार? संक्रांतीला लेक बरी होऊन पुन्हा आली. मामांनी तिला आपल्या खाटेवर बसवलं आणि आपली शाल तिच्या पायांवर टाकली. मग सदा गडगडणाऱ्या त्या माणसानं हळूच एवढंच विचारलं,

"शेवटची एस्टी किती वाजता हाय गं?"

तिनं सांगितलं. मामांनी घड्याळाकडं पाहायचं टाळलं.