लग्न झालेल्यांच्या गोळ्या

लासुर्ण्यात आशाताई म्हणून लीलाबाईंची सोळा वर्षं गेली. बाळंतिणींची विचारपूस, पोरांची लसीकरणं, आणि खांद्याच्या पिशवीत माला या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं. लग्न झालेल्या बायांना ती घरपोच मिळायची. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नव्हतं.

अकरावीतली प्रतिक्षा रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला जायची. एका सकाळी तिनं लीलाबाईंना थांब्यामागं गाठलं आणि खाली बघत एक पाकीट मागितलं. लग्नाआधी देता येत नाही, इंदापूरला डॉक्टरांकडं जा, असं लीलाबाईंनी सांगितलं.

"डॉक्टर वय विचारत्यात, काकी. अठराच्या आतली असली की पोलिसांना कळवावं लागतं त्यांना."

हे लीलाबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी पिशवीची चेन ओढली आणि लसीकरणाला उशीर होतोय म्हणून निघाल्या.

दिवाळीआधीच प्रतिक्षाचं कॉलेज सुटलं. दिवस गेल्याचं घरात कळलं, तसं चार माणसांत त्याच पोराशी, दिग्विजयशी, तिचं लग्न उरकलं. त्याची वस्ती गावातच, कालव्यापलीकडं. गरोदर म्हणून नाव नोंदवायला लीलाबाईच गेल्या. सासूनं, कुशाबाईनं, वय एकोणीस सांगितलं. लीलाबाईंनी एकोणीस लिहिलं.

तिसऱ्या महिन्यात पोटातलं गेलं. ते ऐकून लीलाबाई घरी आल्या आणि भाकरी थापायला बसल्या. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

महिन्याभरानं कुशाबाईनंच बोलावून घेतलं. पोरगी अशक्त हाय, दोन वर्षं तरी काही नको, गोळ्या द्या म्हणाली. लीलाबाईंनी पाकीट काढलं. रोज एक, आधी पांढऱ्या, मग काळ्या, असं नेहमीसारखं समजावलं. प्रतिक्षा पाकीट उलटसुलट करून बघत होती.

"आता चालतंय व्हय?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"चालतंय," लीलाबाई म्हणाल्या.

श्रावणात बारावीतली सोनम त्यांच्या दारात येऊन नुसती उभी राहिली. लीलाबाईंनी तिला आत घेतलं. डोकं फार दुखतं का, पाळी कधी आली, एवढं विचारलं आणि दोन पाकिटं दिली. काही त्रास झाला तर लपवू नको, माझ्याकडं ये, असं बजावलं. नोंदवहीत एका लेकुरवाळ्या बाईचं नाव टाकलं. असं खोटं लिहिताना भीती वाटेल, अशी त्यांची समजूत होती. वाटली नाही. बरंही वाटलं नाही.