दोन ठोके, मग एक

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला शहाणपण शिकवायला कोणी येऊ नका. मी आचोळ्यात एकोणीस वर्षं नववी-दहावीच्या गणिताचे क्लास घेते. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही मी माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नाही. आमच्या जिन्यात कोणीतरी लिंबू-मिरच्या टांगल्या होत्या, तर मी त्या काढून मिरच्या वरणाच्या फोडणीत घातल्या होत्या. असली बाई मी! तेव्हा हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. आणि "उंचावर हवा विरळ असते, भास होतात" हे मीही वाचलंय. सगळं ऐका, मग बोला.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी मुलगी तन्वी औलीला गेलो. ती सव्वीस वर्षांची, मी पंचावन्न. तिनेच काढलं — "आई, सात दिवसांचा कोर्स आहे, स्कीइंग शिकू." नवरा म्हणाला, मला माझे गुडघे प्यारे आहेत, तुम्ही जा. नणंदेने तर कपाळालाच हात लावला. "या वयात बर्फावर घसरायला? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांना म्हणू दे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची समीकरणं सोडवली, आता सात दिवस मी माझं करणार काहीतरी.

आणि केलंच! पहिल्या दिवशी सतरा वेळा पडले, मोजलंय. त्या बुटात पाय घातला की माणूस बदकासारखं चालतं. आमचे शिकवणारे नेगी सर — चाळिशीतला गढवाली माणूस, भारी शांत. त्यांनी पहिल्याच दिवशी "माताजी, आप आराम से बैठिए" म्हणून खुर्ची दिली. मी म्हटलं, "माताजी घर पे. यहाँ स्टुडंट." त्यानंतर 'मॅडम' झाले. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवलेली, अशी पाचर धरली की वेग कमी होतो, एवढं अंगात भिनायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी वरून खालपर्यंत न पडता आले. तोंडावर गार वारा, पायाखाली सरसर... लहानपणी बाबांच्या होडीत पुढे उभी राहायचे तसंच वाटलं. खाली येऊन मी एवढ्या जोरात ओरडले की बाजूच्या टपरीवाल्याच्या हातून मॅगी सांडली. खूप मजा आली, खरंच. पुढे जे झालं त्यानेही ती मजा कमी झालेली नाही.

आता इथे थोडं अर्नाळ्याचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी अर्नाळ्याची. बाबा कोळी, छोटी वल्ह्याची होडी. थंडीत सकाळी कधीकधी असं धुकं उतरायचं की समोरचा किल्ला सोडा, आपला हात दिसायचा नाही. मग किनाऱ्यावर घरचं माणूस उभं राहून रॉकेलचा रिकामा डबा बडवायचं. प्रत्येक घराचा ठोका वेगळा, म्हणजे होडीला कळायचं आपलं घर कुठे. आमचा — दोन ठोके जवळजवळ, थोडं थांबून एक. होडीवरचा माणूस वल्ह्याचा दांडा होडीच्या काठावर मारून उत्तर द्यायचा. उत्तर उलटं. आधी एक, मग दोन. म्हणजे ऐकलं, येतोय.

मी दहा वर्षांची असताना एका सकाळी आई टोपली घेऊन विरारच्या बाजारात गेलेली, बाबा एकटेच पाण्यात, आणि धुकं उतरलं. डबा माझ्याकडे. मी वाजवला. तासभर वाजवला असेल. तळहाताला फोड आले, बोटं थंडीने वाकेनात, आणि उत्तर काही येईना. मग मी डबा खाली ठेवला आणि हात शेकायला काकीच्या चुलीपाशी गेले. पाच मिनिटं म्हणून गेले... आणि तिथेच माझा डोळा लागला.

जाग आली ती आरडाओरड्याने. बाबा आले होते. होडी बरोब्बर आमच्या घरासमोर लागली होती. किल्ल्याजवळचे खडक चुकवून, त्या धुक्यातून! सगळा किनारा मला डोक्यावर घेऊन नाचला. "पोरीच्या डब्यानं बापूस घरी आला!" आईने पुढच्याच आठवड्यात मला चांदीचे पैंजण केले. मी तोंड उघडलं नाही. दहा वर्षांची पोर, काय बोलणार? मग पंधरा वर्षांची झाले, मग लग्न झालं, मग तन्वीला ही गोष्ट सांगायची वेळ आली, आणि तिलाही मी तेच खोटं सांगितलं. जेवायला बसली की ती ताटावर चमच्याने आमचा ठोका वाजवायची आणि मी काहीतरी निमित्त काढून पानावरून उठायचे. ते पैंजण मी एकदाही पायात घातले नाहीत. औलीला जाईपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं मी हे. आज तुम्हालाही सांगतेय.

तर औली. पाचवा दिवस, दुपारचे बारा वाजलेले, ऊन स्वच्छ. आम्ही चौघं शिकणारे — आम्ही दोघी आणि सुरतचं एक नवं जोडपं — आणि नेगी सर, उताराच्या मध्यावर. उजव्या बाजूला लाल झेंडे लावलेले. त्यांच्या पलीकडे जायचं नाही, तिकडे खाली सरळ कडा आहे, हे पहिल्या दिवसापासून बजावलेलं. तन्वी माझ्यापेक्षा बरी शिकली होती, त्यामुळे जरा हवेत होती. ती पुढे सुटली. आणि तेवढ्यात खालून ढग चढून आला. दहापर्यंत मोजा, तेवढ्यात सगळं पांढरं झालं. जमीन कुठे संपते, आभाळ कुठे सुरू होतं, काही कळेना. वर-खालीसुद्धा कळेना.

सरांनी शिट्टी मारली. तन्वीकडून काही उत्तर आलं नाही. हाका मारल्या. बर्फ आवाज गिळून टाकत होता. सुरतची मुलगी रडायलाच बसली. सर म्हणाले, "मॅडम, आप यहीं खड़े रहिए, एक कदम भी मत हिलना. इन दोनों को झोपड़ी तक छोड़ के मैं बेटी को लाता हूँ." आणि ते तिघं माझ्यासमोर दोन पावलांत दिसेनासे झाले.

मी एकटी. मुलगी त्या झेंड्यांच्या बाजूला कुठेतरी. मी देवाचं नाव घेतलं, खोटं का सांगू. मग हातातल्या काठ्यांकडे बघितलं. स्कीच्या काठ्या, पोकळ ॲल्युमिनियमच्या. एकीवर दुसरी आपटली. टण्ण. बारीक पण धारदार आवाज. आणि हात आपोआप चालायला लागले — दोन ठोके, मग एक. दोन ठोके, मग एक. तन्वीला हा ठोका माहीत होता. लहानपणी ताटावर वाजवलेला.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. हातमोज्यांतून काठी सटकत होती म्हणून मोजे काढून फेकले. बोटं आधी दुखली, मग दुखायचीही थांबली. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, मला ती चूल आठवली. मनात आलं, जरा हात काखेत घालू, एकच मिनिट... आणि माझी अशी काही तळपायाची आग मस्तकात गेली! कोणावर, मलाही माहीत नाही. त्या ढगावर, त्या पोरीवर, चुलीपाशी झोपलेल्या त्या दहा वर्षांच्या रेखीवर, म्हणजे माझ्यावरच. मी चक्क किंचाळायला लागले. एकोणीस वर्षं शुद्ध मराठीत शिकवणारी मी, तोंडातून अर्नाळ्याचीच बोली आली — "थांबनार नाय मी! ऐकलंस? थांबनार नाय!" टण्ण टण्ण... टण्ण. थांबनार नाय!

आणि उत्तर आलं.

ठक्. मग ठक् ठक्.

डावीकडून, खालून. जाड, ओला, लाकडाचा आवाज. आधी एक, मग दोन. मला वाटलं तन्वीच! मी आणखी जोरात वाजवलं. उत्तर जवळ आलं. पुन्हा वाजवलं, आणखी जवळ. अगदी माझ्या पायापाशी आल्यासारखं झालं आणि बंद पडलं. समोर कोणी नाही. बर्फावर काही नाही. मी तरी वाजवतच राहिले.

दोन-तीन मिनिटांनी तन्वी आली. उजवीकडून. स्की हातात, चालत, नाक लाल, डोळ्यांतून धारा. मी आधी तिला मिठी मारली आणि मग एक सणसणीत ठेवून दिली, सव्वीस वर्षांच्या घोडीला. ती म्हणाली, "आई, मी पुढेच चालले होते गं... तुझं टणटण मागून आलं म्हणून वळले."

"मग उत्तर कशाने दिलंस? लाकूड कुठून आणलंस?"

"कसलं उत्तर? मी फक्त ऐकत आले."

आणि खरंच, उत्तराचा ठोका तिला माहीतच नव्हता. मी कधी सांगितलाच नव्हता. माझ्या गोष्टीत फक्त डबा असायचा, कारण त्या दिवशीचं उत्तर ऐकायला मी किनाऱ्यावर नव्हतेच.

तेवढ्यात सर वर आले, तेही माझ्या आवाजाच्या दिशेनेच. आम्हाला दोघींना बघून त्यांनी आधी हात जोडले. मग विचारलं, "मॅडम, नीचे लकड़ी कौन ठोक रहा था?"

आता बोला. विरळ हवा मला लागली, समजू. नेगी सर जन्मले तिथे. त्यांना लागली?

दुसऱ्या दिवशी लख्ख उघडलं. सरांनी आम्हाला तन्वीच्या पावलांचे ठसे दाखवले. झेंड्यांच्या पलीकडे गेलेले, आणि कड्यापासून दोन हातांवर गर्रकन वळलेले. मी ते बघून तिथेच बर्फात बसले. डावीकडे खाली, जिथून लाकूड वाजत होतं, तिथे एकही ठसा नव्हता. झाडही नव्हतं. त्यानंतर तन्वी म्हणाली, आपण घरी जाऊ. मी म्हटलं, कोर्स सात दिवसांचा आहे, पैसे भरलेत, उभी राहा. उरलेले दोन दिवस आम्ही स्की केलं. मी तर शेवटच्या दिवशी त्याच उतारावरून दोनदा आले.

घरी आल्यावर लोकरीची टोपी घेऊन अर्नाळ्याला गेले. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. ऐकायला कमी येतं, पण ओटीवर बसून जाळं अजून शिवतात. टोपी घातली, आरशात बघितलं, खूश झाले. मग मी सांगितलं — ढग आला, पोर हरवली, मी आपला ठोका वाजवला, पोर आली. एवढंच. उत्तराचं नाही बोलले, ओरडण्याचं तर नाहीच. आणि मग, काय झालं मला कोण जाणे, बोलून गेले. "बाबा, त्या दिवशी मी डबा वाजवत नव्हते. मी काकीकडे झोपले होते."

बाबांनी सुई खाली ठेवली नाही. "ठावं हाय मना."

"काय?"

"डबा बंद झाला तवाच कळलं. आवाजच नाय तं जानार कुठं? वल्हं वर घेऊन उगी बसलो व्हतो. पानी मना खडकाकडं नेत व्हतं. मंग दुसरा आवाज आला. डब्याचा नाय. बारीक. काठीवर काठी, पन लाकडाची नाय... ठोका मातर आपल्या घरचा. मी उत्तर देत देत आलो." टाका घालून त्यांनी दोरा तोडला. "आनि कोन बाई वरडत व्हती गो. भारी तापलेली. थांबनार नाय, थांबनार नाय, म्हनून. किनाऱ्याला लागलो तं कोनीच नाय."

मी विचारलं, "मग कधी बोलला का नाहीत? सगळे माझं नाव घेत होते तेव्हा?"

"तुझं कवतिक चाललंवतं," बाबा म्हणाले. "ते कशाला मोडू?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. पंचावन्न वर्षांची बाई, जाळ्यावर नाक पुसत. त्यांनी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली.

आता तुमचे प्रश्न. म्हातारपणी आठवणी सरमिसळ होतात म्हणाल. होत असतील. पण मी जे ओरडले ते त्यांना सांगितलंच नव्हतं, मग सरमिसळ कशाची झाली? गणितात पक्ष असतो, साध्य असतं आणि मध्ये सिद्धता. माझ्याकडे दोन्ही टोकं आहेत, मधलं पान कोरं आहे. विद्यार्थ्याने असा पेपर दिला असता तर मी शून्य दिलं असतं. द्या मलाही. मला फरक पडत नाही. माझी पोर घरी आहे, आणि बाबाही घरी आले होते.

कपाटातले पैंजण काढले. दहा वर्षांच्या पोरीचे, पायात कुठले येणार. सोनाराकडून चार-चार कड्या वाढवून घेतल्या. आता घालते, क्लासलासुद्धा. फळ्याकडे वळले की छुमछुम वाजतात आणि मागच्या बाकावरची पोरं खुसखुसतात. हसू देत. मी काढनार नाय.